यंत्र बंद होते

"घटनेच्या वेळी एमआरआय यंत्र बंद स्थितीत होते, ही बाब साक्षीपुराव्यावरून निर्विवाद सिद्ध होते."

रुग्णालयाच्या चौकशी समितीने दिलेल्या अहवालातला हा सातवा परिच्छेद. समितीत एक निवृत्त न्यायाधीश, एक शल्यचिकित्सक आणि एक सनदी लेखापाल होते. न्याय, विज्ञान आणि गणित यांनी एकत्र बसून एक वाक्य लिहावे आणि त्यात तिघांपैकी एकाचाही मागमूस राहू नये, हे कौतुक मी अकरा वर्षे पाहत आलो आहे.

छत्तीस वर्षे मी महाविद्यालयात न्यायदर्शन शिकवले. वाक्य हाती आले की त्याचे टाके उसवून पाहण्याची खोड मला आहे. तेव्हा 'बंद' या शब्दापासून सुरुवात करू. या यंत्राच्या पोटात तारेचे एक प्रचंड वेटोळे असते आणि ते द्रवरूप हेलियमच्या कल्पनातीत थंडीत बुडवून ठेवलेले असते. त्यात वीज एकदा फिरू लागली की वर्षानुवर्षे आपली आपण फिरत राहते. वीजकंपनीने वीज तोडली, रुग्णालयाला सुट्टी लागली, दिवे मालवले, तरी ते वेटोळे चुंबकच असते. थांबतो तो फक्त आवाज, आणि तो आवाज चुंबकाचा नसतोच. तेव्हा बंद यंत्राजवळ घडलेली घटना ही वांझेच्या मुलाच्या मुंजीसारखी आहे.

पुढचा शब्द 'निर्विवाद'. वाद तर झाला होता. एक बाई उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने वाद घालत होती. वाद घालणाऱ्या त्या बाईचे नाव आठव्या परिच्छेदात येते: "सबब, तंत्रज्ञ कु. हेमलता पांचाळ यांनी बंद यंत्राजवळ अनावश्यक धावपळ करून स्वतःस इजा करून घेतली." तेवढ्यावर तिची नोकरी गेली, नुकसानभरपाईचा अर्ज फेटाळला गेला, आणि बारा वर्षे शिकून मिळवलेले काम बेपर्वा बाईच्या हाती होते अशी नोंद कायमची झाली.

उरला 'साक्षीपुरावा'. साक्षीदार तीन होते. पहिले ट्रस्टचे अध्यक्ष जयवंतराव शितोळे. दुसरे देखभाल विभागाचे मारुती खोत, ज्यांना सगळे खोतमामा म्हणत. तिसऱ्याकडे आपण नंतर येऊ.

खंडेनवमीचा दिवस होता. माझ्या डाव्या कानात दोन आठवडे घंटा वाजत होती आणि चालताना जमीन किंचित कलंडत होती. डॉक्टरांनी मेंदूची तपासणी करून घ्यायला सांगितले. जयवंतराव माझा जुना विद्यार्थी. त्याने परस्पर वेळ ठरवली. "दसऱ्याआधी उरकून टाकू, सर. साडेदहाला तुम्ही, अकराला पूजा."

हेमलता पांचाळ तेव्हा तिशीच्या आत असेल. निळा कोट, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, आणि हातात दोन पानी अर्ज.

"शरीरात कुठे धातू? पेसमेकर? डोक्यात क्लिप? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"मी तत्त्वज्ञान शिकवतो, बाई. आमच्या डोळ्यांत फक्त धूळ जाते."

ती हसली नाही. "जानव्याला काय आहे?"

"किल्ली. पोथ्यांच्या पेटीची."

"काढा."

"जानवं काढत नसतात."

"जानवं राहू दे. किल्ली काढा."

"अहो, यंत्र अजून सुरू तरी कुठे केलंय तुम्ही?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिले, किल्ली घेतली, खिशातून जाड दोरा काढून तिला बांधला आणि दुसरे टोक बोटाला तीन वेढे देऊन आवळले. "डॉक्टर बघतील तर रागावतील. पण नुसतं सांगून कुणाला पटत नाही." मला दारात थांबवून ती यंत्राच्या खोलीत चार पावले गेली. किल्ली दोऱ्यावरून उचलली गेली. हवेत आडवी झाली आणि यंत्राच्या तोंडाकडे बोट दाखवत थरथरत राहिली, जशी शिकारी कुत्री साखळी ताणून उभी राहते तशी.

"चार वर्षं झाली बसवून," हेमलता म्हणाली. "एक क्षण बंद झालेलं नाही."

"आणि तो आवाज म्हणतात तो?"

"तो चित्र काढतानाचा. आवाज थांबला म्हणून चुंबक थांबत नाही. आमच्याकडे म्हणतात, लाल लोखंडाला धूर नसतो, म्हणून काही त्याला हात लावायचा नसतो."

"आमच्याकडे म्हणजे?"

"वडील लोहार आहेत."

मला फार आनंद झाला. नैयायिकांचे हेच उदाहरण: धूर असेल तिथे आग असते, पण आग असेल तिथे धूर असतोच असे नाही, कारण तापलेला लोखंडाचा गोळा. हे उदाहरण मी छत्तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो आणि तापलेला गोळा आयुष्यात कधी पाहिला नव्हता. मी तिला ऐटीत सांगितले, "तुमच्या वडिलांचं उदाहरण आमच्या शास्त्रात आहे, बरं का."

"असेल. आमच्यातल्याच कुणाला विचारून घेतलं असेल."

मग ती अर्जाकडे वळली. "बंद जागेची भीती?"

"तत्त्वज्ञानाच्या माणसाला?"

"मागच्या महिन्यात एक फौजदार आत रडला, सर. कुणालाही असते." तिने माझ्या मुठीत एक रबरी फुगा दिला. "घाबरायला झालं की हा दाबायचा. अर्ध्या मिनिटात बाहेर काढते. लाजायचं नाही."

"तशी वेळ यायची नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या डोक्यावर पिंजरा बसवला. तोंडावर तिरका लावलेला एक छोटा आरसा होता, त्यातून पायांपलीकडचे दार दिसे. पट्टा आवळला गेला आणि फळी सरकत आत गेली.

त्या नळीचे वर्णन मला नीट करता येत नाही, आणि वर्णन करणे हाच माझा धंदा होता. छत नाकापासून चार बोटांवर होते. कोपर हलवले की भिंत लागे. मग ठोके सुरू झाले, जणू कुणी पत्र्याच्या पिंपात मला घालून बाहेरून घण मारत होते. मी सूत्रे म्हणू लागलो. पहिली दहा आठवली, अकरावे आठवेना, आणि ते आठवत नाही या गोष्टीने मला असे घेरले की श्वास गळ्यापर्यंत येऊन परत फिरू लागला. माझ्या लक्षात आले की मी इथे मरू शकतो, आणि बाहेर त्याचा आवाजही जाणार नाही. फुगा मुठीत होता. घामाने तो निसरडा झाला होता. तो दाबला असता तर सांगण्यासारखे काहीच उरले नसते.

एकाएकी आवाज थांबला. कानाशी खरखर झाली. बाहेरच्या टेबलावरचा माइक कुणीतरी सुरू केला होता, आणि तो ज्याने सुरू केला त्याला तो बंद करायचे सुचले नाही.

"झालं का, हेमलता?" हा जयवंतरावांचा आवाज. "मुहूर्त अकरा दहापर्यंतच आहे. गुरुजींना पुढे दोन कारखाने करायचेत."

"एक भाग राहिलाय, साहेब. सात मिनिटं."

"पूजा पाच मिनिटांची. खोतमामा, ताट आणा."

दरवर्षी ती पूजा मागच्या वर्कशॉपमध्ये होत असे. पाने, पकडी, हातोड्या पाटावर मांडायच्या, झेंडू वाहायचा, पेढा वाटायचा. त्या वर्षी जयवंतरावांच्या मनात आले की रुग्णालयाचे मुख्य आयुध म्हणजे हे यंत्र, तेव्हा बाकीची अवजारे त्याच्या चरणी ठेवून एक छायाचित्र घ्यावे. ट्रस्टच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठाला शोभले असते.

"लोखंड आत नाही न्यायचं, साहेब," हेमलता म्हणाली. "आज माझ्या घरी ऐरणीची पूजा आहे, मला पूजेचं वावडं नाही. इथं दाराबाहेर मांडा. मी स्वतः रांगोळी काढते."

"अगं, पण ते थांबलंय ना आता? आवाज कुठाय?"

"आवाज थांबलाय. चुंबक थांबत नाही. साहेब, तो बंद होत नसतो. आत पेशंट आहे."

"बाई म्हणतायत तर थांबू या का जरा?" हे खोतमामा.

"खोतमामा, बाई इथे पगार घेतात. देत नाहीत."

कुणीतरी हसले. मग जयवंतरावांचा आवाज एकदम जवळ आला. तो माइकवर वाकला असावा. वर्गात शंका विचारताना तो असाच पुढे झुके, आणि मी म्हणेन ते वहीत उतरवून घेई.

"सर, ऐकू येतंय ना? थांबलंय ना यंत्र? आम्ही येऊ ना आत?"

आतून उत्तर गेले. दार उघडले.

पुढचे मी आरशात पाहिले. खोतमामा दोन्ही हातांत पितळी ताट घेऊन उंबरा ओलांडत होते. ताटात हळदकुंकू, झेंडूची माळ, पकडी, आणि सर्वांत वर नळदुरुस्तीचा दोन फुटी पाना. हेमलता त्यांच्या बगलेतून निसटून पुढे धावली आणि पाठ माझ्याकडे करून, हात पसरून उभी राहिली. "मामा, मागं! मागं व्हा!"

पान्याने आधी तोंड वळवले. हाक ऐकून माणूस वळतो, अगदी तसे. मग तो ताटात नव्हता. ती वळली आणि तिचा उजवा हात नळीच्या तोंडावर आडवा आला. नंतर एक आवाज झाला, तो मला आजही घरात कुणी पाट जमिनीवर टाकला की ऐकू येतो. पाठोपाठ पकडी येऊन यंत्राला चिकटल्या. झेंडूची माळ मात्र जिथल्या तिथे जमिनीवर पडली.

तिचा पंजा यंत्राची कड आणि पाना यांच्या मध्ये होता. पान्याचा दांडा माझ्या नडग्यांवर आडवा. तो हात तिथे नसता तर लोखंड माझ्या पायांवरून सरळ माझ्या डोक्याकडे आले असते.

"ओढा! ओढा तो!" जयवंतराव ओरडले.

"ओढू नका!" ती म्हणाली. "सुटला तर सरांच्या डोक्यात जाईल. लाल बटण दाबा. भिंतीवरचं, झाकणाखालचं."

"त्यानं काय होईल?"

"हेलियम उडून जाईल. चुंबक मरेल."

"म्हणजे मशीन मरेल?"

"माझा हात मरतोय, साहेब."

"एक मिनिट. एकच मिनिट थांब. कंपनीला विचारतो." आरशातून जयवंतराव गेले. गुरुजी त्याआधीच गेले होते. खोतमामा रिकामे ताट छातीशी धरून भिंतीला टेकले होते.

अशी आम्ही दोघे एकाच यंत्रात अडकलो. मला फळी सरकवता येईना, कारण दांडा तिच्या हातासकट आड होता. पिंजरा काढता येईना, कारण हात वर नेण्याइतकी जागा नव्हती. ती माझ्या पायांपाशी उभी होती आणि मला फक्त तिची वेणी आणि अर्धा गाल दिसत होता.

"डोकं हलवू नका, सर."

"तुमचा हात..."

"कुठे आहे ते माहितेय मला."

"दुखतंय फार?"

"मघाशी दुखत होतं. आता काहीच नाही. हे जास्त वाईट."

कॉरिडॉरमधून जयवंतरावांचा आवाज येत होता. "हो, होल्ड करतो. हो हो, होल्डवरच आहे."

"सर," ती म्हणाली, "माइक चालू होता ना मघाशी? मी काय काय म्हणाले ते ऐकलंत?"

"ऐकलं."

"सगळं?"

"शब्दन् शब्द."

"मग सांगाल ना? हे म्हणतील मी सांगितलंच नाही. मामांना तीन मुली आहेत, ते नाही बोलायचे. तुमचं ऐकतील."

खोतमामांनी ताटाआड तोंड लपवले.

"सांगेन," मी म्हणालो.

त्यानंतर तिने मला एक प्रश्न विचारला. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. मी उत्तर दिले नाही. तिने पुन्हा विचारले नाही. आरशातल्या त्या अर्ध्या गालावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला तिला एकच हात होता, त्याने तिने यंत्राची कड धरून ठेवली होती.

नळीत वेळ कळत नाही. अहवालात सतरा मिनिटे लिहिली आहेत, आणि त्या अहवालातली ती एकच गोष्ट मी खरी मानतो. सतराव्या मिनिटाला खोतमामांनी ताट खाली ठेवले, भिंतीपाशी गेले, झाकण उघडले आणि "आईगं, चुकलं माकलं माफ कर" असे म्हणून बटण दाबले. ते ही क्षमा देवीपाशी मागत होते, यंत्रापाशी की हेमलतापाशी, हे मी त्यांना कधी विचारले नाही. छपरावरच्या नळातून हेलियम असा गर्जत सुटला की सारी इमारत हादरली. मग पाना अर्ध्या मिनिटात माझ्या नडगीवर पडला, पडवीत पडावा तसा. लोखंड पुन्हा नुसते लोखंड झाले होते. हेमलता खाली बसली.

माझ्या मेंदूत काही निघाले नाही. दोष कानाचा होता, तो थेंबांनी बरा झाला. तिची दोन बोटे गेली आणि मूठ पुन्हा वळली नाही.

आठवड्याने जयवंतराव घरी आला. त्याने वाकून नमस्कार केला. "तुम्हाला समितीपुढे बोलावून त्रास द्यायचा नाही, सर. एक ओळ लिहून द्या. खरं आहे तेवढंच. आवाज थांबला होता ना?"

"थांबला होता."

"बस्स. बाकी तुम्ही कशाला त्या भानगडीत? आम्ही तुमच्या शब्दावर आत गेलो, हे मीही कुठे म्हणणार नाही."

मी लिहून दिले: "घटनेपूर्वी यंत्राचा आवाज थांबलेला होता." त्या ओळीत एकही असत्य अक्षर नाही. अक्षर मोठे वळणदार आले होते. समितीने त्या ओळीवरून यंत्र बंद होते असे अनुमान काढले. धूर नाही, सबब आग नाही. हे अनुमान करणाऱ्या पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांना मी नापास केले आहे. तीन विद्वानांना मात्र मी अकरा वर्षे उत्तीर्ण होऊ दिले, कारण उत्तरपत्रिका माझ्या हस्ताक्षरातली होती. तिसऱ्या साक्षीदाराकडे नंतर येऊ, असे वर म्हटले होते. आलो.

हेमलताने खटला भरला आणि तो सोडला नाही. कामगार न्यायालयात तो तारखांवर तारखा खात राहिला. खोतमामांच्या तिन्ही मुली सासरी गेल्या आणि मग खोतमामा बोलले. त्यांच्या जबानीत माझे नाव आले, म्हणून गेल्या फाल्गुनात मला समन्स आले. ती बाकावर बसली होती. कागद डाव्या हाताने चाळत होती. जयवंतराव पलीकडच्या बाजूला. त्याने मला पाहून उठून नमस्कार केला.

तिच्या वकिलाने मला तोच प्रश्न विचारला, जो तिने त्या दिवशी माझ्या पायांपाशी उभी राहून विचारला होता. या प्रकरणात ज्याच्यावर आरोप ठेवायला हवा होता, त्याचे उत्तर लिपिकाने टंकले, मला वाचून दाखवले आणि मी खाली सही केली. नोंदीत आहे तसेच उतरवतो:

"प्रश्न: मग तुम्ही 'या' का म्हणालात, सर?

उत्तर: चुंबक चालू आहे हे मला माहीत होते. त्याच सकाळी माझी स्वतःची किल्ली हवेत आडवी झालेली मी पाहिली होती. बाई नको म्हणत होत्या तेही मी ऐकले. जयवंतरावांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, 'थांबलंय, या लवकर.' मला आत फार भीती वाटत होती. फुगा हातात होता, पण दाबायची लाज वाटली. कुणी आत आले तर मला बाहेर काढतील, एवढेच मनात होते. त्यांच्या ताटात लोखंड आहे, हे मला माहीत होते."